शेपटीवरची खूण

दाजी,

तुमच्या माशांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न तुमच्या तेराव्यालाच निघाला. पंगती उठल्या होत्या, मांडवाखाली माणसं सुपारी कातरत बसली होती, आणि नदीच्या वरच्या अंगाची मंडळी काही केल्या जायला उठत नव्हती. मला वाटलं, दुःखाने बसली असतील. आक्का माझ्या हातात चहाचा कप देत हळूच म्हणाली, "आप्पा, त्यांना काय तरी इचारायचंय. ह्यांच्या माशांबद्दल." 'ह्यांच्या माशांबद्दल' हे ती इतक्या सहज बोलली, की जणू 'ह्यांच्या चपलांबद्दल' म्हणाली.

तुम्ही असता तर मांडीवर थाप मारून हसला असता. मला हसू आलं नाही. ते मासे तुमचे कसे झाले, हे त्या मांडवाखाली फक्त मला माहीत होतं, असं मी समजत होतो. आणि अशा प्रत्येक वेळी मी चहाच्या कपात बघत बसत आलो आहे, हेही तुम्हाला ठाऊक आहे. सख्खा मेहुणा म्हणून तुम्ही ते चालवून घेतलंत. लोकांना सांगायचात, "आमचा मास्तर कमी बोलतो, पर इचार करतो." विचार वगैरे काही नसायचा, दाजी. बोललं की अंगावर येतं, एवढंच मला कळायचं.

आज तुमच्याशी बोलतो. पुढ्यात कप नाही.

आपल्या नीरेवरचा दगडी बंधारा दुरुस्तीला निघाला, तेव्हा मी पाटबंधारे खात्यात खेटे घालून त्याच्या एका कडेला पायऱ्या बांधून घेतल्या. कागदावर त्यांचं नाव मत्स्यसोपान. एकाच्या वर एक अशी पाण्याची कुंडं, प्रत्येकाच्या कोपऱ्यात मासा जाईल एवढी खाच. भीमेकडून वर येणाऱ्या माशाने दम खात, एकेक कुंड चढत बंधारा ओलांडावा. तुम्ही तो नकाशा आडवा-उभा धरून बघितलात आणि म्हणालात, "आमच्या म्हसोबाला अजून पायरी न्हाय, आन् माशाला जिना!" दिवसभर येईल त्याला तुम्ही तो विनोद ऐकवत होतात. संध्याकाळी कडेची तुमच्या शेताची पट्टी त्या जिन्याला देऊन टाकलीत. मी आभार मानायला लागलो तर म्हणालात, "असू द्या. पावण्यांची सोय केली पायजेल."

मला बघायची होती महाशीर, तुमची खडशी. तुमचे वडील सांगायचे, मेंढरं पाण्यावर नेली की डोहाच्या कडेला तिचे तळहाताएवढे खवले पडलेले दिसायचे. ती पुराच्या पाण्यात वर चढते, दगडगोट्यांच्या स्वच्छ वाहत्या पाण्यात अंडी घालते आणि परत खाली उतरते. बंधाऱ्यामागून बंधारे झाले आणि तिची वाट भिंतींनी अडली. बारामतीच्या कॉलेजात मी मुलांना तिचं चित्र फळ्यावर काढून दाखवायचो. जिवंत महाशीर बघितलेला मुलगा वर्गात कधी निघाला नाही. ती अजून आहे का, पायऱ्या चढते का, चढून पुढे कुठे जाते, हे मला मोजायचं होतं. मोजल्याशिवाय खातं दुसरा जिना बांधणार नव्हतं.

पद्धत साधी होती. सगळ्यात वरच्या कुंडाला लाकडी फळी. सकाळी फळी पाडायची, आत आलेला मासा ओल्या पोत्यावर अलगद उचलायचा, मोजपट्टीला लावायचा, शेपटीच्या परावर कात्रीने बारीक खूण करायची आणि बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला सोडायचा. पुन्हा तोच मासा कुठे सापडला, तर खुणेवरून कळावं.

खुणेलाच तुम्ही आडवे आलात.

"मोजा, तोला, काय करायचं ते करा," तुम्ही म्हणालात. "खूण करू नका."

"त्याला दुखत नाही, दाजी. नखाचा तुकडा काढल्यासारखं आहे."

"दुखायचं न्हाय म्हणत मी. खूण केली की निस्तरावं लागतं. तुमी मेंढक्याच्या पोटचं, तुमाला मी सांगायला पायजेल का?"

नको होतं सांगायला. कन्हेरीच्या माळावर माझ्या वडिलांची मेंढरं होती आणि तुमच्या घरची नीरेच्या काठाने फिरायची. दोन्ही घरांनी पुढे ऊस धरला, मेंढरं गेली, पण कानाच्या खुणा आम्हा सगळ्यांना पाठ. तुमच्या घरची, कानाच्या वरच्या कडेला दुहेरी चीर. माझ्या वडिलांची, खालच्या कडेला एकच, तिरपी. चुकलेलं मेंढरू सापडलं की कान बघायचा आणि ज्याचं त्याच्या दारात नेऊन बांधायचं. त्यात कुणी लबाडी केली तर त्याला पुढे सोयरीक मिळायची नाही. आणि त्या मेंढराने कुणाचं पीक खाल्लं असेल, तर ते भरून देणंही खुणेच्या घराकडेच.

तरीही मी पहिल्या खडशीच्या शेपटीवर चीर पाडली. वरच्या कडेला, दुहेरी. तुम्ही वाकून बघितलंत. "ही आमचीच का हो?" असं विचारलंत.

मी म्हणालो, "वरचा भाग हाताला पटकन येतो."

ते खोटं होतं, दाजी. खालची कड जास्त सोपी. एकच तिरपी चीर, कात्री एकदा लागली की झालं. माझ्या वडिलांची खूण माझ्या बोटांत होती, ती मी मुद्दाम टाळली. उद्या काही वाकडं झालं, कुणी भांडायला आलं, तर त्याने माझ्या दारात येऊ नये, एवढा एकच हिशेब त्यामागे होता. शिकलेला माणूस, पोटातल्या भीतीला शास्त्राचं नाव देऊन मोकळा झालो. तुम्ही "बरं" म्हणालात आणि खडशीला वरच्या पाण्यात धरून उभे राहिलात, तिने शेपूट हलवेपर्यंत.

मग तो दिवस आला, ज्याची गोष्ट तुम्ही लग्नाच्या मांडवांतून सांगत फिरलात. वरच्या डोहाकडचे बिरूतात्या सायकलच्या कॅरेजला भलीमोठी खडशी बांधून दारात उभे. मीही तिथेच होतो, रविवार होता.

"तात्या, ह्ये काय?"

"तुमची हाय. आमच्या जाळ्यात गावली. शेपूट बघितली, आन् लगोलग घिऊन आलो. ऱ्हायली आसती आमच्याकडं तर लोक काय म्हनले आसते?"

"अवो, पर मेली की ही!"

"मग? जित्ती कशी आणू? मेंढरू हाय व्हय, गळ्यात दोरी लावून आणायला?"

तुम्ही कपाळाला हात लावलात. तात्या मात्र ताठ उभे होते, परक्याचा माल इमानाने पोचवल्याचा अभिमान चेहऱ्यावर. आक्का बाहेर येऊन म्हणाली, "आता हिचं मी काय करू? कालवण?" मी घाईने म्हणालो, मला द्या, कॉलेजात औषधाच्या बरणीत ठेवतो. त्यावर तुमचा तो शेरा: "बघा तात्या, तुमी मारलं आन् मास्तर माझं मेंढरू लोणच्यात घालतोय." बिरूतात्या इतके हसले की सायकल पडली.

हसू ओसरल्यावर मी घाबरलो होतो. खुणेचा मासा दिसला की लोक तो मारून पोचवायला लागले, तर माझ्याच कात्रीने मी त्या जातीचा निकाल लावणार होतो. असली चूक दुसऱ्या कुठल्या मुलखात झाली नसती. तिथे लोकांनी खुणेकडे ढुंकून न बघता मासा शिजवला असता. मी म्हणालो, खुणा बंद करू. तुम्ही म्हणालात, "आता कसल्या बंद करताय? केल्यात न्हवं? मग आता त्या राखायच्या."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मोपेडवर नदीकाठाने वर निघालात. ऊस तोडणीला आला असताना, आक्काच्या शिव्या खात. वाडीवाडीला जाऊन, ज्यांच्या घरी कधीकाळी मेंढरं होती अशा प्रत्येक म्हाताऱ्याला गाठून तुम्ही एकच सांगितलंत: माझ्या खुणेची दिसली तर परत आणू नका, पाण्यात सोडा, चरू द्या, गाभण हाय. नदीवर सरकारचा फलक लावून जे झालं नसतं, ते तुमच्या त्या एका वाक्याने झालं. गाभण मेंढी दुसऱ्याच्या रानात चरू देतात, तसा लोकांनी तुमच्या माशाला नदीत चरायचा हक्क दिला. खूण नसलेली खडशी सापडली तरी जाळंवाले बिचकायला लागले. न जाणो, हिच्या पोरीबाळी असतील.

त्यानंतरच्या वर्षांत पायऱ्यांवर खडशी वाढत गेल्या. खाली उतरताना खुणेच्या काही पुन्हा दिसल्या, तेव्हा आपण दोघे बंधाऱ्यावर पोरांसारखे ओरडलो होतो. मी त्यावर निबंध लिहिला, पुण्याला परिसंवादात वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निबंधाच्या शेवटी मी 'स्थानिकांचे सहकार्य' असे दोन शब्द लिहिले होते. त्या दोन शब्दांत तुम्ही, तुमची मोपेड, कडेची पट्टी, सगळं बसवलं. तुम्ही निबंध मागून घेतलात, इंग्रजीच होता तो, पानं उलटून बघितलीत आणि म्हणालात, "चित्र झ्याक आलंय माशाचं."

आपला एक वाद मात्र कधीच मिटला नाही. दरवर्षी एखादी थोराड खडशी वर यायची आणि तुम्ही म्हणायचात, "हीच ती. गेल्या सालची."

"कशावरून? चीर भरून येते, दाजी. कान नाही तो. एवढ्या दिवसांनी सांगता येत नाही."

"तोंडावरून."

"तोंडावरून ओळखता येतं, तर तुमच्या आजोबांनी मेंढ्यांचे कान कशाला कापले?"

मला वाटलं होतं, पकडलं तुम्हाला. तुम्ही तंबाखू मळत शांतपणे म्हणालात, "त्ये लोकांसाठी. आपल्याला तोंड पुरतं."

त्यावर मी तुम्हाला बरीच व्याख्यानं दिली. माशाच्या चेहऱ्यात फरक किती, आपल्या नजरेचा भरवसा किती. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि पुढच्या वर्षी पुन्हा, "आली बघा." मी अजूनही म्हणतो की तुमचं म्हणणं सिद्ध होत नाही. तुम्ही गेलात म्हणून मी हरलो, असं होणार नाही. एवढं मात्र मान्य करतो की त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला फार उशिरा कळला. खूण लोकांसाठी असते. ती बघून लोक घर शोधतात. मी त्यांना तुमचं घर दाखवून दिलं होतं.

ते घर लोकांनी कसं शोधलं, ते आता लिहायलाच हवं.

पावसाने ओढ दिली, ते वर्ष. नदी बारीक झाली, बंधाऱ्यावरच्या पंपांच्या पायपांची तोंडं उघडी पडायला लागली. पायऱ्यांतून पाण्याची एक धार खाली जात होती, तिच्यावर खडशी चढत होत्या. थोड्याच, पण चढत होत्या. तुम्ही उपसा सोसायटीचे चेअरमन. ती धार बंद करायची का, हे ठरवायला सभा शाळेच्या वर्गात भरली, आणि मी बारामतीहून पिंपळी, काटेवाडी मागे टाकत स्कूटर दामटत आलो होतो. पायऱ्यांच्या बाजूने चार शब्द बोलणार होतो. मनात जुळवलेही होते.

एकजण उठला. "चेअरमन, आमचा ऊस वाळतोय आन् तुमी सोताच्या जित्राबाला पाणी दावताय."

"नदीचं मासं हायेत त्ये," तुम्ही म्हणालात.

"नदीचं? मग त्यांच्या शेपटीवर तुमच्या घरची खूण कशी?"

वर्ग खदखदून हसला, आणि त्या हसण्याला दात होते. मी दाराजवळच्या बाकावर होतो. तेवढ्यावर उठून बोलायचं होतं: खूण मी केली, दाजींनी नको म्हटलं होतं, जिना माझा, मोजणी माझी. इतकंच. मी पायाखालच्या फरशीवर कुणी खडूने काढलेला टिक्करबिल्ल्याचा पट बघत बसलो. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत. मग सभेकडे वळून म्हणालात, "खूण माझी हाय. त्यांच्या पाण्याची जिम्मेदारी बी माझी. माझ्या पाळीचं पाणी त्यातून वजा करा."

धार वाहती राहिली. तुमचा ऊस त्या वर्षी हातभर उंचीवर पिवळा पडला. आणि पुढच्या निवडणुकीत चेअरमनपद गेलं. सभेतून बाहेर पडल्यावर तुम्ही मला फक्त म्हणालात, "मास्तर, किक मारा. तुमची आक्का भाकरी थापून वाट बघत आसंल." मागे बसून रस्ताभर तुम्ही कालवडीबद्दल बोलत होतात. त्यापेक्षा तुम्ही मला चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. की तुम्हाला ते पद नकोसंच झालं होतं, की भाऊबंदकीचं राजकारण होतं, मासे निमित्त. त्यात थोडं खरंही असेल. पण बाकावर बसलेला माणूस मीच होतो.

दवाखान्यात मी हे सांगायला आलो होतो. आक्का खाली औषधं आणायला गेली तेव्हा आपण दोघंच होतो. तुमच्या हाताला सलाइन, आणि त्या हाताने तुम्ही चादरीवर कात्री चालवल्यासारखं करत विचारलंत, "फळीला तेल दिलं का? पाणी यायच्या आत द्या. फुगती ती." मी म्हणालो, देतो. मग मी गप्प झालो, शब्द जुळवत. तुम्ही म्हणालात, "गप का? तुमी गप बसला की मला भ्या वाटतं, पेपरात काय वाईट आलंय का काय." मी हसलो आणि तुम्हाला परीक्षेच्या पेपरांबद्दल सांगायला लागलो. आक्का आली. वेळ गेली. तुम्हाला झोप लागली, ती मी बघितली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

आता मांडवातलं सांगतो.

बिरूतात्यांनी सुपारी गालात सरकवली आणि सरळ विषय काढला. "वाईट वाटून घेऊ नका. पर आमाला पोरांना काय तरी सांगावं लागंल. चार दिसांत नदीला नवं पाणी यील, खडशी चढंल. ज्याची खूण, त्यो गेला. मग आता त्ये मासं बेवारस का? पोरं जाळी शिवून बसल्यात."

सगळे सुनीलकडे बघायला लागले. तुमचा मुलगा भांबावला. "मामा, मला ह्यात ओढू नका," तो मलाच म्हणाला. "मी पहाटं डेअरीत जातो, राती येतो. मासं कोण बघणार?" त्याचं चूक नव्हतं. त्याने मेंढराचा कान कधी हातात धरलेला नाही.

तेव्हा आक्का उंबऱ्यातून बोलली. पदर डोक्यावर, आवाज मात्र तोच, ज्याने ती तुम्हाला शेतातून जेवायला बोलवायची. "खूण बाप्याची नसती, तात्या. घराची असती. घर हाय अजून. मी हाय."

"व्हय, माय, पर निस्तरायला कोण जाणार? तू?"

आणि मी उभा राहिलो. दाजी, हातातला कप खाली ठेवला. मी म्हणालो की ही खूण दाजींनी केलेली नाही. ती मी केली. त्यांनी नको म्हटलं होतं. माझ्या वडिलांची खूण टाळून मी त्यांची घातली, कारण मला निस्तरायचं नव्हतं. सभेत लोक त्यांना बोलले तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

आक्काने माझ्याकडे असं बघितलं, की जणू ती मला ओळखायचा प्रयत्न करते आहे. मग म्हणाली, "मला तर ह्ये म्हणालं व्हतं, मीच मास्तरला सांगितलं, आपली खूण घाल म्हणून. हौस म्हणून."

असं का सांगितलंत तुम्ही तिला? मला वाचवायला, की स्वतःची शान राखायला? की दुहेरी चीर पुन्हा एकदा एखाद्या जिवंत जनावरावर बघून तुम्हाला खरंच बरं वाटलं होतं, आणि तेवढ्यापुरतं ते खरं होतं? मी प्रत्येक उत्तर करून बघतो. त्यातलं मला सोयीचं वाटतं ते सगळ्यात आधी बाजूला ठेवतो. तुम्हाला विचारायला हवं होतं, विचारलं नाही; आता हे असंच राहणार.

आक्का रागावली, हेही तुम्हाला कळायला हवं. माणसं जाईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. नंतर भांडी विसळताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "त्या साली ऊस गेला तवा मी त्यांना लई बोलले, आप्पा. माशापायी घर बुडवलं म्हणाले. त्ये गप ऐकायचं. तू एकदा बोलला आसतास, तर मी नसते बोलले." तिने मला माफ केलं का, मला माहीत नाही. मी मागितलेली नाही. मी तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि विसळायला लागलो, आणि तिने ते घेऊ दिलं.

पण मांडवात बिरूतात्यांनी मला सोडलं नव्हतं. म्हाताऱ्याने नीट विचार केला आणि न्याय सांगितला, "जुन्या खुणेची जितराबं जुन्या घराची. बाई म्हणती त्ये बरोबर हाय. आमच्या पोरांनी त्यांना हात लावायचा न्हाय. आता नव्या येतील त्या कुणाच्या?"

"माझ्या."

"म्हंजी?"

"माझ्या वडिलांची खूण घालतो. खालून तिरपी, एकच चीर."

"तुमच्या बापाची खूण मला ठावं हाय. त्याचं एक हाडकुळं बोकड आमी गावभर फिरवून परत केलं व्हतं, चावायचं लई." माणसं हसली. तात्या हसले नाहीत. "पर तुमचं घर बारामतीत, कालिजात. कोण जाळं फाटलं म्हणून बोंबलत आला, तर त्यानं तुमाला कुठं हुडकायचं? घंटा झाल्यावर?"

"हितं," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी तो शब्द माझ्या तोंडून तसाच आला, आईच्या घरी यायचा तसा. "पाणी वाहतंय तोवर मी हितं राहीन. इथून कॉलेजला जाईन."

"मला कुणी इचारलंय का?" आक्का आतून म्हणाली. "भाकऱ्या कोण थापणार ह्याच्या?"

त्यावर सुनीलने दुसऱ्या दिवशी माझी ट्रंक बारामतीहून दुधाच्या गाडीत टाकून आणली. तेच तिचं उत्तर, असं मी धरतो.

आता मी तुमच्या पडवीत झोपतो. सकाळी पायऱ्यांवर जातो, मग कॉलेज. खालच्या वाडीतले दोघे येऊन जाब विचारून गेले. एकाचं म्हणणं होतं की पायऱ्यांच्या धारेने त्याच्या बांधाची माती ढासळते. बघायला गेलो. खरंच ढासळत होती. त्याच्याबरोबर दगड रचून दिले. पाठ धरली आहे, पण झोप गाढ लागते. सोसायटीच्या सभेत मी पुढच्या बाकावर बसलो आणि पाऊस लांबला तर धार किती ठेवायची, त्याचं बोललो. आवाज फाटला, लोक कंटाळले, पण ऐकलं. नव्या चेअरमनने मान हलवली. धार राहणार आहे, दाजी. खात्रीने सांगतो.

काल नदीला नवं पाणी आलं. तांबूस, फेसाळ, काठाची बाभळीची पानं घेऊन. आक्का सकाळी माझ्यामागून बंधाऱ्यावर आली. खालच्या कुंडांत आधी सापासारख्या वांबी वळवळताना दिसल्या, मग बराच वेळ काहीच नाही. नंतर वरच्या कुंडात पाणी फुगल्यासारखं झालं. मी फळी पाडली.

चांगली हातभराहून मोठी होती. पोट भरलेलं. शेपटीवर कुठेही चीर नव्हती, किनार सगळी शाबूत. आक्काने ओलं पोतं दोन्ही हातांनी धरलं. "नीट घे," ती म्हणाली, "उगं दमवू नको तिला." मी कात्री घेतली. खालची कड. एक तिरपी चीर. खरंच किती सोपी आहे, दाजी.

वरच्या पाण्यात मी तिला धरून उभा राहिलो. थंडगार धार बोटांमधून जात होती. तिने एकदा अंग ताणलं, शेपटीचा फटका माझ्या मनगटावर दिला आणि गेली.

पलीकडच्या काठावर एकजण सायकल थांबवून बघत होता. वरच्या अंगाचा असावा. त्याने तोंडाभोवती हात धरून विचारलं, "कुणाची सोडली?"

"माझी!" मी ओरडलो.

पाण्याचा आवाज मोठा होता. त्याने कानामागे हात धरून, ऐकू येत नाही अशी मान हलवली. मी पायऱ्यांच्या कठड्यावर चढलो आणि पुन्हा ओरडलो, वडिलांचं नाव घेऊन, पुरतं.